सतरा इंचांत बसणारी सीट

३ फेब्रुवारी, मंगळवार

तिकिटं निघाली. चौदा मार्च, मुंबईहून. सून चेलना आणि नात प्रियल — दोघीच. कॅनडात एडमंटन म्हणून गाव आहे, तिथे माझा श्रेयांस दीड वर्षापासून एकटा राहतो आणि डाळ करपवतो.

आज फोनवर त्याने अर्धा तास एकाच विषयावर भाषण दिलं. कार सीट! मोटारीत लहान मुलांना बांधून बसवायची खुर्ची. ती विमानातही न्यायची, प्रियलच्या जागेवर ठेवायची आणि तीत तिला बसवायचं. "मम्मी, ती नुसत्या पट्ट्यात बसणार नाही. तू ओळखतेस तिला."

ओळखते म्हणजे काय! सव्वादोन वर्षांची आहे. परवा जेवताना तिला ओढणीने खुर्चीला बांधलं. ओढणी खुर्चीलाच राहिली आणि बाईसाहेब भांड्यांच्या कपाटात जाऊन बसल्या.

तर अटी दोन. सीट सतरा इंचांपेक्षा रुंद नको, नाहीतर विमानाच्या खुर्चीच्या दोन हातांमध्ये शिरत नाही. आणि तिच्या मागे लाल अक्षरांतलं स्टिकर हवं — ही विमानात चालते असं.

चेलना सगळं ऐकून शांतपणे म्हणाली, "सीट जमली नाही तर मी हिला घेऊन एकटी जाणार नाही. मग दिवाळीत तुम्हीच येऊन न्या." श्रेयांस म्हणाला, ठीक आहे, पण जमेल.

आमच्या घरात बोलणं मारवाडीत, हिशेब हिंदीत. मराठी लिहिणारी मी एकटी, धुळ्याच्या मराठी शाळेतली. त्यामुळे ही वही कोणी उघडत नाही आणि इथे खरं लिहायला हरकत नाही. सीट जमू नये. दिवाळीला नऊ महिने आहेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हे, मी, चेलना आणि प्रियल सीट बघायला गेलो. हे म्हणजे कांतीलालजी, साड्यांचे व्यापारी, कुठल्याही दुकानात शिरले की आधी दुसऱ्याच्या मालाला हात लावून नाक मुरडणार.

दुकानदाराने मोठ्या कौतुकाने एक तपकिरी सीट पुढे केली. म्हणाला, "शेटजी, हात फिरवून बघा. प्युअर लेदर!"

यांनी हात असा मागे घेतला की विंचू दिसला असावा. जैनाच्या नातीला चामड्यावर बसवणार! तो बिचारा पुढे आणखी सांगत होता, गाईचं आहे, मऊ असतं. हे तोवर रस्त्यावर. गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्याची चूक नाही. त्याने आधी आपलं नाव विचारायला हवं होतं."

मी आत आत खूश होते. लिहून ठेवते, म्हणजे खोटेपणा नको.

८ फेब्रुवारी, रविवार

श्रेयांसने नाशिकच्या एका दुकानातली सीट पाठवली — म्हणजे फोटो. काळी, अंगाने बारीक, सोळा इंच. स्टिकर आहे, चामडं नाही. चेलनाने फोन यांच्यापुढे धरला.

हे बघून म्हणाले, "ही काय सीट आहे? चहाच्या टपरीवरचा स्टूल आहे. माझी नात यात अंग चोरून बसेल?"

चेलना म्हणाली, "बरं." फोन खाली ठेवला आणि दुकानात निघून गेली. तिचं काम अकराला सुरू होतं. दुकानाच्या माळ्यावर फोन उभा करून ती साड्या उलगडून दाखवते, आणि कुठून कुठून बायका मागवतात. नांदेडहून, रायपूरहून. पहिल्यांदा हे म्हणाले होते, असं कोणी साडी घेतं का, हात लावल्याशिवाय? आता पावणेअकरालाच स्वतः तिच्यासाठी दिवे लावून ठेवतात.

कॅनडात गेली की हे सगळं बंद. पण तिला त्याचं काही वाटत नसावं. याद्या करत असते. गरम कपडे, औषधं, प्रियलचे कागद. खाली मान घालून एकेक खूण करते. मी बघते आणि मनात म्हणते, बाई, एकदा तरी डोळ्यात पाणी आण.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अखिल एक सीट घेऊन आला. अखिल माझा पुतण्या, आमची तिकिटं त्यानेच काढली. सीट त्याच्या मित्राची, चांगली होती. मापात होती, स्टिकरही होतं.

होतं. आम्ही चहा घेईपर्यंत प्रियलने ते सोलून काढलं आणि दादांच्या, म्हणजे यांच्या, कपाळावर चिकटवलं. अर्धं फाटलं. अखिल म्हणाला, "आता विमानात दादाच चालतील, सीट नाही."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले बहुतेक, कारण चेलनाने माझ्याकडे वळून पाहिलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सीट आली. ही पक्की!

अखिलची मेव्हणी दुबईहून भुसावळला परतली, तिच्याकडची. लाल मखमलीसारखं कापड, दोन्ही बाजूंना उंच कान, पाण्याची बाटली ठेवायला खाच. खोकं नाही, माहितीचं पुस्तक नाही, पण लाल स्टिकर शाबूत. यांनी बघितलं आणि डोळे भरून आले. "याला म्हणतात सीट."

भागाबाई भांडी घासायला आली होती. धुळ्याकडच्या खेड्यातली, आमच्या जळगावजवळ असोद्याला दिलेली. दारातच थांबली. "हाई काय शे माय? एवढीशी पोरले एवढं मोठं सिंहासन?"

मी म्हटलं, विमानात बांधून बसवायला.

"बांधीसन?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मन्हा चारी पोरं मांडीवरच वाढनात. एक बी पडनं नही."

मग मोजमाप. फॉर्मवर रुंदी लिहून अखिलने विमान कंपनीला पाठवायची होती. हे दुकानातून खास आपला गज घेऊन आले. लोखंडी, सासऱ्यांच्या हातचा, एका बाजूला इंच. टेप आहे ना घरात, म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की टेप शिवणाच्या डब्यातच राहिला.

वाकले, गज लावला, अंगठा टेकवला, डोळा बारीक केला. "सतरा! बरोब्बर सतरा!"

अखिलने लिहून घेतलं. चेलना फोनमध्ये बघत होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पोह्यांचा डबा उघडून बंद केला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्रियल दिवसभर सीटमध्ये. जेवली तिथेच. दुपारी माझ्या मांडीवर झोपायची, तर आज तिथेच झोपली. त्या उंच कानांचा मला राग आला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

विमान कंपनीचं उत्तर आलं. सीट मंजूर. हे पेढे घेऊन आले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

दुपारी यांचा डबा घेऊन दुकानात गेले. एक बाई परकराचं कापड घेत होती. हे मापत होते. गज लावला, टोकाला अंगठा टेकवला, आणि माप सुरू केलं ते अंगठ्याच्या पुढून. दुसरा गज, पुन्हा अंगठा, पुन्हा पुढून.

चाळीस वर्षं बघतेय. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत — अंगठ्याखालचं कापड मोजायचं नाही, ते गिऱ्हाइकाचं. त्यावर दुकान चाललं. जळगावात कापड मापात कमी भरलं म्हणून आमच्याकडे कोणी परत आलं नाही. आणि यांचा अंगठा काय साधा आहे? चांगला इंचभर.

मी डबा हातात घेऊन तशीच उभी. सीटलाही यांनी अंगठा टेकवला होता.

घरी आले, प्रियलला शेजारी खेळायला सोडलं, शिवणाच्या डब्यातला टेप काढला. अठरा.

सीट विमानात शिरणार नाही.

टेप पुन्हा डब्यात ठेवला आणि डब्यावर लोकरीचे गुंडे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मी काही खोटं बोललेले नाही. मला कोणी विचारलंच नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. दिवसभरात कळत-नकळत जी चूक झाली तिची माफी मागायची. रोज तोंडपाठ म्हणते, पंचेचाळीस मिनिटांत आटपतं. आज 'कळत' या शब्दापाशी अडले. पुढे जाईना. शेजारच्या रत्नाबेन हळूच म्हणाल्या, "चंद्रकांताबेन, डोळा लागला का?"

म्हटलं, हो.

म्हणजे आता खोटंही बोलले, आणि तेही प्रतिक्रमणात.

मनात हिशोब असा: मुंबईला विमानतळावर सीट अडेल. चेलना म्हणाली आहे, सीट नसेल तर जाणार नाही. गाडी तिथूनच जळगावला वळेल. तिसऱ्या दिवशी प्रियल माझ्या मांडीवर. यात कुणाचं काय नुकसान आहे? श्रेयांसचं. त्याने आणखी आठ महिने डाळ करपवावी. आईशिवाय राहायला गेला तेव्हा विचारलं होतं का मला?

हे लिहिलं आणि वाचलं. बरं नाही दिसत.

१ मार्च, रविवार

धुळ्याला गेलो, चेलनाच्या माहेरी, निरोप घ्यायला. सीट मागच्या जागेवर बांधली — श्रेयांसचा हुकूम, प्रवासाची सवय करा. त्या सीटशेजारी चेलना आणि मी असे दाटीवाटीने बसलो. पुढे हे, गाडी चालवायला कुंदन.

जाताना एरंडोलपर्यंत प्रियल ओरडली. "उतर! उतर! उतर!" पारोळ्यापर्यंत हुंदके. पुढे झोप. मगनलालजी, चेलनाचे वडील, सीटभोवती फिरून म्हणाले, चांगली आहे, पण फार रुंद वाटते. हे म्हणाले, "मी स्वतः मोजली आहे." विषय संपला. व्याह्यांनी व्याह्यांच्या गजावर शंका घ्यायची नसते.

परत येताना पारोळ्याच्या अलीकडे कापसाचा ट्रॅक्टर शेतातून सरळ रस्त्यावर आला. कुंदनने करकचून ब्रेक मारला. माझ्या मांडीवर विहीणबाईंनी दिलेला पुरणपोळ्यांचा डबा होता, दोन्ही हातांनी धरलेला. तो माझ्या हातून सुटून यांच्या खुर्चीवर आदळला आणि पोळ्या गियरपाशी. मी स्वतः पुढच्या खुर्चीवर नाक आपटून घेतलं.

प्रियल जागची हलली नाही. हातात खाकरा होता, तो तसाच. माझ्याकडे बघून म्हणाली, "दादी, पलली."

सगळे हसायला लागले. कुंदन ट्रॅक्टरवाल्याला काहीबाही बोलत होता. मी रिकामा डबा उचलून पुन्हा मांडीवर घेतला. एरवी ती माझ्या मांडीवर असते. डब्याच्या जागी.

जळगाव येईपर्यंत एकच विचार. सीट अडली तर चेलना विमानतळावरून खरंच परत फिरेल? सामान आत गेलेलं, नवरा तिकडे वाट बघतोय, इतकं सगळं याद्या करून नीट आखलेलं. ती नाही फिरायची. सीट सामानात टाकतील आणि पोर नुसत्या पट्ट्यात, नाहीतर मांडीवर. चौदा तास. आणि ते माहीत असलेली जगात मी एकटी.

२ मार्च, सोमवार

सांगितलं.

दुकानात जाऊन सांगितलं, कारण घरी हे ऐकून घेत नाहीत. गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, सीट सतरा नाही, अठरा आहे. तुम्ही अंगठा सोडून मोजली.

"म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीचं मोजतोय?"

"चुकीचं नाही. सढळ."

"कापडाला सोडतो मी अंगठा. सीटला कशाला सोडेन?"

"हाताला सवय आहे."

ऐकेनात. दुकानाच्या पायरीवर सुपडू टेलर बसतो, त्याला टेप घेऊन घरी नेलं. हे मागून, हातात गज. सुपडूने सीटला टेप लावला, माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. यांच्या दुकानाच्या सावलीत त्याचं मशीन आहे. बिचाऱ्याने टेप दोनदा उलटा करून बघितला.

"अठरा शेतस, शेट," शेवटी म्हणाला. "पण टेप जुना शे."

यांनी गज घेतला, सीटला लावला, आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग अंगठा उचलला. पुन्हा वाचलं. खाली बसले.

"अखिलने कंपनीला खोटं कळवलं माझ्यामुळे," म्हणाले. आणि गज भिंतीला टेकवत, "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, काल.

हे एक खोटं राहू दे माझ्या खात्यावर. सगळं एकदम फेडता येत नाही.

चेलना प्रियलला भरवत होती. मला वाटलं होतं, हायसं वाटेल तिला, वेळेत कळलं म्हणून. वाटी खाली ठेवली, उठली आणि खोलीत गेली. उरलेला भात मी भरवला. रागावली असेल. इतक्या उशिरा सांगितलं म्हणून.

५ मार्च, गुरुवार

नाशिकची सोळा इंची काळी सीट मागवली. यांनी स्वतः फोन केला. "तीच ती, स्टुलासारखी. हो. लवकर पाठवा."

मोठी सीट भुसावळला परत गेली. प्रियल तिच्यामागे रस्त्यापर्यंत रडत गेली. मला सीटबद्दल वाईट वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

९ मार्च, सोमवार

सीट ट्रॅव्हल्सच्या गाडीतून आली. हे स्टँडवर पहाटेपासून. घरी आणून टेपने मोजली — टेपने! — तीनदा. सोळा. मग मला मोजायला लावली. मग भागाबाईला. तिला आकडे येत नाहीत, तरी वाकून बघून म्हणाली, "बठ्ठं बराबर शे."

अखिलने नवीन माप पाठवलं. स्टिकरवर यांनी पारदर्शक प्लास्टिक लावलं, साडीच्या खोक्याचं, चारी बाजूंनी.

प्रियल बसत नाही. "माझी लाल," म्हणते.

११ मार्च, बुधवार

बसली. लाच म्हणून लाल साडीचा तुकडा कापून सीटवर घातला. दुकानातली चांगली साडी, नव्या ताग्यातली. यांनी स्वतः कापली. आणि मापताना अंगठा सोडला, मी पाहिलं.

१२ मार्च, गुरुवार

महाराजसाहेबांकडे, म्हणजे आमच्या मुनींकडे, मांगलिक पाठ ऐकायला गेलो. प्रवासाआधी ऐकायचं असतं. हे सीटही घेऊन आले. मी म्हटलं, सीट कशाला? म्हणाले, "तीही जाणारच आहे ना."

चेलना शेवटपर्यंत हात जोडून, डोळे मिटून बसली होती. सगळे उठले तरी उठली नाही.

तिने आज दुकानातून शेवटच्या साड्या दाखवल्या. माळ्यावरचे दिवे विझवायला हे गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत.

१३ मार्च, शुक्रवार

गेल्या. सकाळी सहाला गाडी निघाली, हे आणि कुंदन सोडायला मुंबईपर्यंत. मी नाही गेले. तिथे रडले असते तर प्रियल घाबरली असती.

प्रियलने काचेतून हात हलवला. सीटमध्ये, लाल तुकड्यावर. चेलनाने पाया पडून वर बघितलंच नाही. मी म्हटलं, जेवणाचा डबा पायाशी ठेव, मांडीवर नको. एवढंच सुचलं.

दुपारी सवयीने मांडी घालून बसले. मांडी रिकामी. अर्धा तास तशीच बसून राहिले आणि मग रडले, भागाबाई यायच्या आत.

१५ मार्च, रविवार

पोचल्या. फोटो आला: बर्फ, श्रेयांस, प्रियल. श्रेयांस वाळलाय.

१७ मार्च, मंगळवार

चेलनाचा फोन, पहिल्यांदाच निवांत. प्रियल झोपली होती. सीट विमानात दोन हातांच्या मध्ये अगदी चपखल बसली म्हणाली. पोर नऊ तास झोपली.

मी म्हटलं, बरं झालं वेळेत कळलं. मोठी अडलीच असती.

"मला माहीत होतं, मम्मी," ती म्हणाली. "भुसावळहून आली त्याच दिवशी मी टेपने मोजली होती. अठरा."

मग बोलली का नाहीस?

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"मला दिवाळीपर्यंत राहायचं होतं."